ठराव झाला, पाणी कोठें आहे?

दिव्याच्या फलाटावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसास एक विद्या शाळेंत न जातां येते. लोकल पांच मिनिटें उशिरां आली, तर तें त्यास घड्याळ न पाहतां कळतें. दहा मिनिटें झालीं कीं कुजबूज सुरू होते; वीस मिनिटें झालीं कीं पाय स्टेशनमास्तरच्या खोलीकडे वळतात. २ जानेवारी २०१५ रोजीं सकाळीं गाड्या रखडल्या, तेव्हां लोक हजारोंनीं रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेची वाहतूक कित्येक तास बंद पडली. त्या दिवशीं जी दगडफेक व मोडतोड झाली तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाची रोजी बुडवून आपणांस न्याय मिळत नसतो. परंतु दिवा नांवाचें एक स्टेशन आहे, हें त्या दिवसापासून वरच्या मंडळींच्या ध्यानांत आलें, आणि डिसेंबर २०१६ मध्यें जलद लोकल दिव्यास थांबूं लागली, ही गोष्ट कोणास नाकारतां येणार नाहीं.

आतां ह्याच माणसाच्या घरीं चला. घरांत नळ आहे, पण त्यास पाणी येईल तेव्हां खरें. दारांत गटार आहे, पण त्यास उतार नाहीं. रेल्वे फाटकावरच्या उड्डाणपुलाचें काम वर्षानुवर्षें रेंगाळलेलें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. येथें उशीर मिनिटांचा नसून वर्षांचा आहे. तरीही ह्या उशिराची कुजबूज नाहीं, कोणाच्या खोलीकडे पाय वळत नाहींत. फलाटावर जो माणूस वाघ असतो तो घरीं आल्यावर हंडा घेऊन मुकाट्यानें रांगेंत कां उभा राहतो ?

आमचें उत्तर साधें आहे. लोकलचें वेळापत्रक भिंतीवर लावलेलें असतें. ठरावाचें वेळापत्रक कोठेंच लावलेलें नसतें. गाडी कोणत्या स्टेशनांत अडली तें आपणांस समजतें. पण आपल्या आळीच्या पाण्याचा ठराव केव्हां निघाला, कोणत्या कचेरींत सायडिंगला पडला, कोणीं हिरवा कंदील दाखविला व कोणीं लाल, ह्याचा थांगपत्ता आपणांस नसतो. जो उशीर मोजतां येत नाहीं त्याबद्दल भांडतांही येत नाहीं. म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज पालिकेच्या रोजच्या कारभाराबद्दल चार शब्द लिहीत आहों. विषय रुक्ष आहे, हें आम्हांस कबूल आहे. पण रुक्ष आहे म्हणून तुम्ही तो वाचीत नाहीं, आणि तुम्ही वाचीत नाहीं ह्याच भरंवशावर पुष्कळांचें बरें चाललें आहे.

पहिल्यानें हा कारभार कोणाचा तें पाहूं. ठाण्यास म्युनिसिपालिटी स्थापन झाली ती १८६३ सालीं. त्या काळीं म्युनिसिपालिटी म्हणजे कलेक्टरसाहेब आणि त्यांनीं नेमलेली बडी मंडळी. पुढें मताचा अधिकार आला, तोही मिळकतवाल्यांपुरता व कर भरणाऱ्यांपुरता. नांगर धरणाऱ्यास, वाकस चालविणाऱ्यास, जाळें विणणाऱ्यास तेथें जागा नव्हती. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं ठाण्याची महानगरपालिका झाली, आणि दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे, शीळ, डायघर ह्या बाजूचीं खाडीकांठचीं गांवें शहरांत आलीं. भात, मासळी व मीठ ह्यांवर पिढ्यान् पिढ्या जगलेली ही आगरी-कोळ्यांची वस्ती. तिच्या भोंवतीं पुढें चाळींचें रान माजलें. कोंकणांतून, देशावरून, खानदेशांतून आणि उत्तरेकडूनही सुतार, गवंडी, शिंपी, रंगारी, फेरीवाले आले. कारण मुंबईच्या वाटेवर त्यांच्या मिळकतींत बसेल असें घर दिव्यासच मिळत होतें. असा हा नवा दिवा झाला. गांव शहराचें झालें खरें. पण शहर गांवाचें झालें काय?

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीकडे पाहिलें म्हणजे खेड्यांची किंमत काय आहे हें अधिक कळतें. तिकडचीं सत्तावीस गांवें १९८३ सालीं पालिकेंत घातलीं, २००२ सालीं बाहेर काढलीं, २०१५ सालीं पुन्हां आंत घेतलीं, २०२० सालीं त्यांतलीं अठरा पुन्हां वेगळीं केलीं, आणि तो हुकूम त्याच सालीं उच्च न्यायालयानें रद्द केला. बाजारांत गुरेंसुद्धां इतक्या वेळां दावणी बदलत नाहींत. आंत घेतांना काय मिळणार व बाहेर काढतांना काय जाणार, ह्याचा हिशेब दर वेळीं वर झाला. कर मात्र खालून गोळा होत राहिला.

असो. आतां सभागृहाच्या आंत शिरूं. ठाण्याच्या सभागृहांत १३१ जागा आहेत. महासभा महिन्यांतून निदान एकदां भरावी असा नियम आहे. पैशाच्या नाड्या सोळा सभासदांच्या स्थायी समितीच्या हातीं असतात. कारभार हांकणारा आयुक्त मात्र लोकांनीं निवडलेला नसतो, तो राज्य सरकारनें पाठविलेला असतो. तोच अंदाजपत्रक मांडतो, तोच बहुतेक प्रस्ताव आणतो. प्रभाग समिती म्हणून जी एक पायरी आहे ती दिव्यासही आहे. सभेपूर्वीं सभासदांस विषयांची कार्यक्रमपत्रिका मिळते आणि सभेनंतर इतिवृत्त लिहिलें जातें. गांवच्या पंचायतीहून हें निराळें नाहीं, फक्त आंकडे मोठे व भाषा अवघड.

ही भाषा मुद्दाम अवघड ठेवली आहे कीं काय, असा आम्हांस पुष्कळदां संशय येतो. वाचकांच्या सोयीसाठीं तिचा छोटासा कोश येथें देतों. ‘तहकूब’ म्हणजे आज तुमच्या कामाचा दिवस नव्हे. ‘दप्तरीं दाखल’ म्हणजे तुमच्या अर्जास मूठमाती दिली. ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणजे जो विषय अगोदर छापला असता तर तुम्हीं वाचला असता, तो. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे जेवण झालें, आतां पानें वाढा. ‘मुदतवाढ’ म्हणजे कंत्राटदारास आणखी एक पावसाळा. ‘वाढीव खर्च’ म्हणजे त्या पावसाळ्याचें बिल तुमच्या नांवावर. आणि ‘एकमतानें मंजूर’ ह्याचा अर्थ नेहमींच सर्वांस पटलें असा होत नाहीं. कित्येकदां सर्वांस जेवणाची घाई झाली होती, इतकाच होतो. ह्यांतला प्रत्येक शब्द कायद्यांत सरळ आहे, आणि प्रत्येकाचा सरळ उपयोगही होतो. पण ज्या सभागृहाकडे लोकांची पाठ असते तेथें सरळ शब्द वांकडा व्हावयास वेळ लागत नाहीं.

उदाहरण पाण्याचेंच घेऊं. ठाणें पालिकेचें स्वतःचें धरण नाहीं. दिवा, मुंब्रा, कळवा ह्या बाजूस जें पाणी येतें तें औद्योगिक विकास महामंडळाकडून विकत घेतलेलें असतें, व त्या महामंडळाचें धरण बारवी नदीवर आहे. आतां समजा, एका आळीस पाणी नाहीं म्हणून ओरड झाली. नगरसेवकानें प्रस्ताव दिला. नवी जलवाहिनी टाकण्याचा ठराव झाला, निविदा निघाली, कंत्राट गेलें, रस्ता खणला, नळ बसला, नारळ फुटला, फलक लागला. सारें यथासांग झालें. फक्त पाणी आलें नाहीं. कारण जितकें पाणी विकत येत होतें तितकेंच आजही येतें आहे, आणि माणसें मात्र दुप्पट झालीं. नळ वाढविणें म्हणजे पाणी वाढविणें नव्हे. गाईचें दूध वाढावें म्हणून घरांत भांडीं वाढविणाऱ्या सुनेस सासू काय म्हणेल ? पण हीच सून पालिकेंत गेली म्हणजे तिला कार्यसम्राज्ञी म्हणतात !

ह्यांत मख्खी कोठें आहे तें नीट पाहा. नळ मंजूर करणें सोपें, कारण नळास कंत्राट असतें, खोदाईस कंत्राट असतें, रस्ता पुन्हां भरण्यासही कंत्राट असतें. पाण्याचा वाढीव कोटा मिळविणें अवघड, कारण त्यास महामंडळाशीं भांडावें लागतें, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, दुसऱ्या एखाद्या बड्या वस्तीचा वांटा मागावा लागतो. आणि ह्या खटाटोपांत फलकावर लिहावयास कांहीं नसतें. म्हणून ज्या कामास बिल आहे तें होतें, ज्या कामास केवळ भांडण आहे तें राहतें. तेव्हां नगरसेवकास ‘नळ केव्हां देणार’ असें विचारूं नका. ‘आमच्या वस्तीसाठीं रोज किती पाणी मंजूर आहे, त्यांतलें किती येतें, आणि कोटा वाढविण्यासाठीं तुम्हीं सभागृहांत कोणत्या तारखेस तोंड उघडलें’ असें विचारा. पहिल्या प्रश्नास आश्वासन मिळतें, दुसऱ्यास हिशेब द्यावा लागतो.

आतां कचऱ्याकडे वळूं. दिव्याखालीं अंधार ही म्हण जुनी आहे. ठाणेंकरांनीं तिच्यांत कचऱ्याची भर घातली. सबंध शहराचा शेंकडों टन कचरा रोज गाड्या भरभरून दिव्याच्या खाडीकांठीं वर्षानुवर्षें टाकण्यांत आला. उन्हाळ्यांत तो पेटे. धूर दारें लावलीं तरी घरांत शिरे. पाहुणे येईनासे झाले, आणि मुलांचा खोकला हा ऋतूंपैकीं एक ऋतु होऊन बसला. ज्यांच्या गांवास शहराचें पाणी पुरतें मिळालें नाहीं त्यांस शहराचा उकिरडा मात्र भरपूर मिळाला. अखेर २०२३ सालच्या आरंभीं तेथें कचरा टाकणें बंद झालें. लोकांनीं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्यांनीं तो कां सोडूं नये ?

परंतु वाचकहो, कचरा नाहींसा झाला नव्हता. त्याचा पत्ता बदलला होता. तो गेला भंडार्लीस. भंडार्ली हें त्या वेळीं ठाणें पालिकेंत नव्हतें. म्हणजे ज्या गांवास ठाण्याच्या सभागृहांत एकही मत नाहीं त्या गांवाच्या वाऱ्यांत ठाण्याचा उकिरडा गेला, आणि तेथील लोकांनींही विरोध केला. मग डायघरचा प्रकल्प, मग भिवंडी तालुक्यांतील आतकोलीची जागा. नांवें वाचा : दिवा, भंडार्ली, डायघर, आतकोली. ह्यांत बंगलेवाल्यांची एखादी वसाहत सांपडते काय ? कचरा करणारा कोण व कचरा सोसणारा कोण, ह्याचा नकाशा काढला तर जातीचा व मिळकतीचा जुना नकाशाच वर येतो. फक्त पूर्वीं त्यास रूढि म्हणत, आतां घनकचरा व्यवस्थापन म्हणतात. २०१६ सालच्या नियमांप्रमाणें ओला व सुका कचरा घरींच वेगळा करावयाचा होता. तो नियम मोठमोठ्या गृहसंकुलांत कडकपणें चालविला असता, तर उकिरड्यास इतकी जमीन लागलीच नसती. पण संकुलावर कडक होण्यापेक्षां खेड्यावर कडक होणें सोपें, हा पालिकांचा न लिहिलेला ठराव आहे.

न लिहिलेल्या ठरावांची गोष्ट निघालीच आहे, तर एक सांगितलें पाहिजे. सभागृह जें करतें त्यापेक्षां जें करीत नाहीं, त्याचीं फळें कधीं कधीं अधिक भयंकर असतात. ४ एप्रिल २०१३ रोजीं शीळफाट्याजवळ एक सात मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें कोसळली आणि ७४ माणसें मेलीं. त्यांत लहान मुलें होतीं, तेथेंच काम करणारे मजूर होते. त्या इमारतीस परवानगी नव्हती. सात मजले रात्रींतून उगवत नाहींत. वाळू आली, सळ्या आल्या, स्लॅब पडले. हें सर्व येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसत होतें. ज्यांच्या डोळ्यांस पालिका पगार देते त्यांच्याच डोळ्यांस तें दिसलें नाहीं काय ? पुढें पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. पण त्यानंतर बेकायदा इमारती थांबल्या असेंही नाहीं. २०२५ सालीं ह्याच शीळ भागांतील अनधिकृत इमारती पाडण्याचे हुकूम उच्च न्यायालयास द्यावे लागले.

ह्या व्यवहारांत कोण कोण असतें तें पाहा. जमीन बहुधा शेतकऱ्याची, कारण शेतीचें पोट भरेना. घर घेणारा कारागीर, कारण कायदेशीर घर त्यास परवडेना. मधल्या माणसाचें नांव पाटीवर नसतें. इमारत पडली किंवा पाडली म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाते, कारागिराची जन्माची पुंजी जाते, आणि मधला माणूस पुढच्या पाटीकडे जातो. दोन गरिबांमध्यें उभा राहून तिसरा श्रीमंत होतो, आणि पालिका मजले मोजीत बसते, ही रीत थांबली पाहिजे. कोणत्या इमारतीस परवानगी आहे व कोणत्या नाहीं, ह्याची यादी प्रत्येक प्रभाग कचेरीच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लावा, असा साधा ठराव एखाद्या नगरसेवकानें मांडावा. त्यास एक पैचें कंत्राट लागत नाहीं. आणि त्यामुळेंच तो कोणी मांडील कीं नाहीं, अशी आम्हांस शंका आहे.

आतां कोणी म्हणेल, “नगरसेवक नव्हते तेव्हांच तर दिव्याचा उकिरडा बंद झाला. मग हें सभागृह हवें कशाला ? एक चांगला अधिकारी पुरे.” हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. ठाण्याच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. तेव्हांपासून १५ जानेवारी २०२६ रोजीं मतदान होईपर्यंत सारा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. कल्याण-डोंबिवलींत तर ही स्थिति नोव्हेंबर २०२० पासून होती. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी असें राज्यघटना सांगते. तरी चार चार, पांच पांच वर्षें लोकांवांचून गेलीं. इतर मागासवर्गाच्या राखीव जागांचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत होता हें खरें, आणि तो वाद आपल्याच हक्काचा होता हेंही खरें. पण आपल्या हक्काचा खटला चालू आहे म्हणून आपलेंच सभागृह बंद ठेवावें, हा न्याय म्हणजे ताप आला म्हणून रोग्याचें घर विकण्यासारखा झाला. शेवटीं मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या म्हणून बजावावें लागलें.

त्या काळांत स्थायी समितीही तोच, महासभाही तोच, आणि हुकूम बजावणाराही तोच, असा एकच अधिकारी होता. प्रस्ताव मांडणारा तोच व मंजूर करणारा तोच. असा माणूस देव असला तरी आम्हांस नको. कारण देवास सुद्धां गाऱ्हाणें घालतां येतें, प्रशासकास प्रश्न विचारावयाची जागाच उरली नव्हती. उकिरडा बंद झाला ही चांगली गोष्ट. पण तो भंडार्लीस न्यावा कीं नाहीं, ह्यावर एका तरी लोकनियुक्त माणसानें उघड सभेंत उभें राहून बोलावें, अशी सभाच त्या दिवशीं नव्हती. चांगला हुकूम वरून येतो तसा वाईट हुकूमही वरूनच येतो. चांगल्याचे आभार मानावे, पण वरून येण्याची संवय लावून घेऊं नये.

आतां दुसऱ्या बाजूचेंही बोललें पाहिजे, आणि तें आपल्याच माणसांबद्दल आहे म्हणून अधिक स्पष्ट बोललें पाहिजे. आपल्या वाडवडिलांची तक्रार होती कीं, म्युनिसिपालिट्यांत वकील, सावकार व शहरी पांढरपेशे बसतात आणि बहुजनांस तेथें थारा नाहीं. ती तक्रार खरी होती. आज ती उरलेली नाहीं. सभागृहांतल्या आडनांवांची यादी वाचा : आगरी आहेत, कोळी आहेत, कुणबी-मराठे आहेत, निरनिराळ्या मागास जातींचे लोक आहेत. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. जें वाडवडिलांनीं मागितलें तें मिळालें. मग नळ कोरडा कां ? आडनांव आपलें झालें, पण खुर्चीची चाल तीच राहिली कीं काय ? जातवाला निवडून आला म्हणून मिरवणूक काढणारे आपणच, आणि पुढें पांच वर्षें त्यानें कोणत्या ठरावावर कोणता हात वर केला हें न विचारणारेही आपणच. चोराच्या घरीं पाहारा देणारा आपल्या जातीचा होता म्हणून चोरी कमी होत नाहीं.

पालिकेंत बसलेल्या माणसानें काय करावें, ह्याचा धडा दूर पुण्यास एकदां घालून दिला गेला आहे. जोतीराव फुले १८७६ सालीं पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. १८८० सालीं लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, त्यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्च करण्याचा ठराव सभेपुढें आला. बत्तीस सरकारनियुक्त सभासदांत एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें; हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असें त्यांचें म्हणणें होतें. ते स्वतः सरकारनें नेमलेले सभासद होते, हें विसरूं नका. ठराव पास झाला तो झालाच. पण एक हात खालीं राहिला होता, हें आज दीडशें वर्षें होत आलीं तरी लोक सांगतात. वर गेलेल्या हातांचीं नांवें कोणास आठवतात ?

आणि ठराव पास होणें म्हणजे काम होणें नव्हे, ह्याचा धडा महाडास मिळाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलनें १९२३ सालीं पास केला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, इतिवृत्तांत चढला. आणि तळ्यावर मात्र पूर्वीचेंच राज्य चाललें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर चालत गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हां त्या ठरावास प्रथम पाय फुटले. आणि लगेच त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें म्युनिसिपालिटीनें तो ठराव मागें घेतला ! न्यायालयांत निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. जो ठराव कपाटांत तीन वर्षें सुखानें निजला होता तो लोक चालून जातांच जागा झाला. ठरावास चालविणारा अंगठा कारकुनाचा नसतो, तो लोकांच्या पायाचा असतो.

“हें सर्व खरें, पण आम्हांस वेळ कोठें आहे ?” असें तुम्ही म्हणाल. पहांटे चारला पाण्याची रांग, पांचला लोकल, रात्रीं दहाला परत. हें आम्ही जाणतों. परंतु पाण्याच्या रांगेंत रोज जो वेळ जातो त्यांतला महिन्याचा एक तास पालिकेस दिला, तर कदाचित् रांगच लहान होईल. आणि कामें वांटून घेतलीं म्हणजे भार एकावर पडत नाहीं.

महासभेची कार्यक्रमपत्रिका मिळवून ती न्हाव्याच्या दुकानांत, पिठाच्या गिरणीवर, देवळाच्या ओट्यावर वाचली जावी. आठवी शिकलेली मुलगी ती वाचूं शकते. आपल्या प्रभागाचे विषय लाल पेन्सिलीनें रंगवावे. बहुतेक प्रभागांस एकाऐवजीं चार चार नगरसेवक असण्याची रीत आली आहे; तिचा परिणाम असा कीं, पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो व चौथा पहिल्याकडे. तेव्हां चौघांचीं नांवें एका कागदावर लिहून प्रत्येकाची सभेंतील हजेरी व त्यानें उठविलेले प्रश्न त्यापुढें मांडावे. चौघांचें पाप एका गांठोड्यांत बांधूं नये. एखादें काम रखडलें, तर २००५ सालच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं दहा रुपयांचा अर्ज टाकावा आणि तीनच गोष्टी विचाराव्या : किती रुपये मंजूर झाले, काम सुरू करण्याचा हुकूम कोणत्या तारखेचा, व पुरें करण्याची मूळ तारीख कोणती. ह्या तीन तारखा-आंकडे हातीं आले, कीं ठरावाचें वेळापत्रक तयार झालें. २००९ सालीं ह्या राज्यांत क्षेत्रसभेचाही कायदा झाला आहे. आळीआळीच्या मतदारांनीं एकत्र बसून पालिकेस कामें सुचवावीं असा त्याचा हेतु. तो कायदा बहुतेक ठिकाणीं कपाटांतच आहे. महाडच्या ठरावाप्रमाणें त्यासही लोकांच्या पायांची वाट पाहावी लागते आहे, असें दिसतें.

एक अनुभव सांगून पुरें करतों. आम्हीं एकदां एका कचेरींत जाऊन मागच्या सभेचें इतिवृत्त पाहावयास मागितलें. टेबलामागच्या गृहस्थानें आम्हांस नखशिखांत न्याहाळलें आणि विचारलें, “तुम्ही पत्रकार कीं कंत्राटदार ?” आम्ही म्हणालों, “दोन्ही नव्हे, आम्ही ह्या गांवांत राहतों.” त्यावर त्या गृहस्थास खरोखरच नवल वाटलें. केवळ गांवांत राहतो म्हणून कोणी इतिवृत्त मागेल, हें त्याच्या सर्व नोकरींत घडलें नव्हतें. त्याचा दोष आम्ही कमी मानतों. ज्या दुकानांत गिऱ्हाईकच कधीं येत नाहीं तेथला दुकानदार माल झाडून ठेवीत नाहीं.

सभागृह पुन्हां बसलें आहे. नवे चेहरे आहेत, जुने आहेत, हार-तुरे झाले आहेत. आतां पुढची सभा येईल. त्या सभेच्या दिवशीं दिव्यांतलीं, आगासनांतलीं, शीळ-डायघरांतलीं दहा माणसें, त्यांत चार बायका असाव्या, सभागृहाच्या प्रेक्षकांच्या बाकांवर जाऊन नुसतीं बसूं द्या. घोषणा नकोत, दगड तर नकोतच. हातांत वही असावी, आणि कोणाचा हात कोणत्या ठरावास वर गेला तें तींत लिहावें. संध्याकाळीं तें वहीचें पान आपल्या आळींत भिंतीवर चिकटवावें. फलाटावर गाड्यांचें वेळापत्रक आहे, आळींत ठरावांचें लागूं द्या. मग कोणती गाडी किती उशिरां धांवते आहे, हें दिवेकरांस शिकवावें लागणार नाहीं.